पऱ्हाटीचे लोणचे होत नाही

दिवाळीनंतर खामगावहून बोथ्याच्या घाटाने बुलढाण्याला निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या कुटाराचे ढीग दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच रस्त्याने परतलात, तर उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग दिसतात, आणि त्यांतले काही पेटलेले असतात. धूर पाहून शिक्षकाच्या मनात एक वाक्य हमखास येते, 'केवढी ही ऊर्जा वाया चालली आहे!' वाक्य खोटे नाही. पण या वाक्यापुढे आपण विद्यार्थ्यांना काय शिकवतो, ते एकदा तपासून पाहावे म्हणून हा लेख.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून आम्ही अनेकदा गेलो आहोत. 'पिकांच्या अवशेषांपासून बायोगॅस' हे प्रतिकृतीचे नाव दरवर्षी कुठल्या तरी टेबलावर असतेच. एक प्लास्टिकचा पिंप, एक नळी, टोकाला फुगा किंवा बर्नर आणि मागे रंगीत तक्ता. अलीकडे या तक्त्यात एका नव्या चित्राची भर पडली आहे, ती म्हणजे मुरघासाच्या खड्ड्याची. आशय असा, की शेतातला काडीकचरा हंगामात एकदाच मिळतो, गॅस मात्र रोज लागतो. म्हणून कचऱ्याचा मुरघास करून ठेवायचा आणि वर्षभर रोज थोडा थोडा टाकीत घालायचा.

कल्पना चांगली आहे. ती जगात इतरत्र यशस्वीही झालेली आहे. पण ती ज्या स्वरूपात आपल्या तक्त्यावर आली आहे, त्या स्वरूपात बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक शेतांना लागू पडत नाही. ती का लागू पडत नाही हे समजून घेण्यात खरे विज्ञान आहे, आणि नेमके तेच तक्त्यावर नसते.

तक्त्यावर साधारणपणे चार विधाने असतात. ती एकेक करून पाहू.

पहिले विधान: शेतातले अवशेष म्हणजे कचरा

हे विधान वर्गात करून पाहा. शेतकऱ्यांची मुले लगेच हरकत घेतील, निदान घ्यायला हवी. ज्वारीचा कडबा हा कचरा नाही; तो विकला जातो, आणि टंचाईच्या वर्षी त्याचा भाव ज्वारीच्या भावाइतकाच चर्चेत असतो. तुरीचे कुटार शेळ्या-गुरे आवडीने खातात. तुराटी आणि पऱ्हाटी चुलीत जाते, कुंपणाला लागते, कुडाच्या भिंतीला लागते. मक्याचा चारा गोठ्यात जातो. खरोखर नकोसे झालेले म्हणावे असे उरते ते सोयाबीनचे काही कुटार आणि ज्या घरी आता चूल पेटत नाही तिथली पऱ्हाटी.

म्हणजे पहिला प्रश्न 'गॅस किती होईल?' हा नसून 'आज हे कोण वापरते?' हा आहे. गाईच्या तोंडचा चारा काढून टाकीला घालायचा असेल तर ते उघड सांगितले पाहिजे. 'कचरा' हा शब्द वापरला की हा प्रश्न विचारलाच जात नाही, म्हणून आम्हाला तो शब्द खटकतो.

दुसरे विधान: कुजणारे काहीही टाका, गॅस होईल

आपल्याकडे या तंत्राचा इतिहास शेणाभोवती फिरतो. मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस तयार करून दिव्यांसाठी वापरला गेला. १९३९ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेलांनी तरंगत्या घुमटाचे संयंत्र तयार केले, आणि १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेले. त्यामुळे 'गोबर गॅस' हेच नाव रूढ झाले, आणि शेण हाच उत्तम कच्चा माल अशी समजूतही.

या समजुतीला पुण्यातल्या डॉ. आनंद कर्वे यांनी एक साधा प्रश्न विचारला. शेण म्हणजे काय? जनावराने चारा खाल्ला, त्यातले सहज पचणारे ते काढून घेतले आणि जे पचले नाही ते बाहेर टाकले. मग जिवाणूंना आपण उरलेसुरलेच का वाढायचे? कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या समुचित तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 'आरती'ने, पिष्टमय आणि शर्करायुक्त पदार्थांवर चालणारे छोटे घरगुती संयंत्र तयार केले. खरकटे, खराब धान्य, पेंड अशा गोष्टी त्यात चालतात. काही किलो अशा पदार्थांत जेवढा गॅस मिळतो, तेवढ्यासाठी शेण पाट्याच्या पाट्या लागते. या कामाला २००६ साली ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. याच संस्थेला २००२ सालीही तोच पुरस्कार मिळाला होता, आणि तो उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठी. पाचटापासून गॅस करण्यासाठी नव्हे. एकाच गटाने सहज पचणारे पदार्थ जिवाणूंकडे पाठवले आणि कोरडे, चिवट पाचट भट्टीकडे. पदार्थ पाहून मार्ग ठरवला. आपल्या तक्त्यात नेमका हा निवडीचा भाग गाळलेला असतो.

चिवटपणा कशामुळे येतो? वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते, तसे लिग्निनही असते. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी; ती जिवाणूंना तोडता येते. लिग्निन मात्र सिमेंटसारखे या साखळ्यांभोवती बसलेले असते. त्याचे विघटन करणाऱ्या बुरश्या आहेत, पण त्यांना हवा लागते. गॅसच्या टाकीत हवा नसते. म्हणून तिथे लिग्निन जवळजवळ जसेच्या तसे राहते. पाण्याखाली बुडून राहिलेले लाकूड वर्षानुवर्षे टिकते, त्याचेही एक कारण हेच.

पऱ्हाटी हे जवळजवळ लाकूडच आहे. तिच्या कोरड्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा लिग्निन असते. उलट त्याच झाडाच्या बोंडातला कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेत, आणि तीही माटुंग्यालाच, कापडगिरण्यांतल्या टाकाऊ कापूसधुळीपासून बायोगॅस करण्याची पद्धत विकसित झाली. झाड तेच, बोंडातला तंतू चालतो, खोड अडते. 'कपाशीपासून गॅस होतो का?' या प्रश्नाचे उत्तर 'कपाशीचा कोणता भाग?' असा उलट प्रश्न विचारूनच द्यावे लागते.

तिसरे विधान: कोणत्याही अवशेषाचा मुरघास होतो

तक्त्यातली सर्वात मोठी चूक इथे आहे. मुरघास म्हणजे काय, हे समजायला स्वयंपाकघरासारखी जागा नाही.

घरात अन्न टिकवण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक वाळवणाची. सांडगे, कुरडया, पापड यांतले पाणीच काढून टाकले की जिवाणूंना वाढता येत नाही. दुसरी रीत आंबवण्याची. दुधात विरजण घातले की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, आंबटपणा वाढतो, आणि त्या आंबटपणात कुजवणाऱ्या जिवाणूंचे काही चालत नाही. चाऱ्याच्याही याच दोन रीती आहेत. कडबा म्हणजे वाळवण आणि मुरघास म्हणजे आंबवण.

मुरघासाला तीन गोष्टी लागतात. पहिली ओलावा, चाऱ्यात कोरडा अंश साधारण ३० ते ३५ टक्के आणि बाकी पाणी असावे. दुसरी साखर, जिवाणू आम्ल तयार करणार ते साखरेपासूनच. तिसरी हवाबंद स्थिती. म्हणून दीड-दोन सेंटिमीटरची कुट्टी करून, तुडवून, हवा काढून, वरून प्लास्टिकने झाकायचे. हे नीट जमले तर सामू चारच्या आसपास उतरतो, आणि दीड महिन्याने उघडल्यावर चारा आंबूस वासाचा, पिवळसर हिरवा मिळतो. दाणा चिकात असताना कापलेला मका या तिन्ही अटी सहज पुऱ्या करतो, म्हणून मुरघास म्हटले की मकाच डोळ्यांपुढे येतो.

आता सोयाबीनचे कुटार पाहा. मळणीच्या वेळी त्यात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि साखर नाममात्र. ते आधीच वाळवण आहे. पावसापासून झाकून ठेवले तर ते तसेच वर्षभर टिकते. मग त्याचा मुरघास कशासाठी करायचा? लोणचे कैरीचे घालतात, पापडाचे नाही.

तरीही करायचाच म्हटले तर काय लागेल, ते वर्गात गणित म्हणून द्यावे. १०० किलो कुटारात ९० किलो कोरडा अंश. तो ३५ टक्के व्हायचा तर एकूण वजन ९० भागिले ०.३५, म्हणजे सुमारे २५७ किलो व्हायला हवे. याचा अर्थ १०० किलो कुटारात १५७ लिटर पाणी घालायचे, वर साखरेसाठी गूळ किंवा मळी. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे आपोआप टिकणारी वस्तू आधी भिजवायची आणि मग टिकवण्याची खटपट करायची, हे कोणत्या शहाणपणात बसते?

पऱ्हाटीचे तर त्याहून अवघड. कुट्टी केली तरी ते तुकडे दाबून बसत नाहीत; मधल्या फटींत हवा राहते आणि बुरशी येते. शिवाय कीटकांची बाजू आहे. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने केलेले नुकसान अजून कोणी विसरलेले नाही. फरदड घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाट्या शेतातून काढा, बांधावर ढीग लावून ठेवू नका, हा कृषी खात्याचा सल्ला त्यासाठीच आहे. न उमललेल्या बोंडांत अळ्या दडून राहतात. 'पऱ्हाटी साठवा' असे सांगणारा तक्ता या सल्ल्याच्या थेट विरोधात जातो, हे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले नसते.

मग परदेशात कसे जमले?

मुरघासावर चालणाऱ्या गॅस टाक्यांचे चित्र आपल्याकडे मुख्यतः जर्मनीतून आले. तिथे २००० साली नवीकरणीय ऊर्जेचा कायदा झाला. २००४ च्या दुरुस्तीने खास ऊर्जेसाठी लावलेल्या पिकांना जादा दर मिळू लागला. थंडीच्या देशात हिवाळाभर हिरवे काही मिळत नाही, तेव्हा मक्याचा मुरघास हा सोयीचा साठा ठरला, आणि हजारो टाक्या उभ्या राहिल्या.

पण तिथे टाकीत जाणारा मका हा कणसे काढून उरलेला नव्हता. कणसासकट, दाण्यासकट कापलेला तो सबंध मका होता. अवशेष नव्हे, पीकच. परिणाम असा झाला, की शेते मक्यानेच भरून गेल्याची ओरड सुरू झाली, आणि २०१२ साली कायद्यालाच मक्याच्या प्रमाणावर ६० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. तंत्र यशस्वी झाले आणि त्या यशातूनच अडचण उभी राहिली. आपल्या तक्त्याने चित्र त्या मक्याचे घेतले आणि खाली नाव मात्र 'अवशेष' असे लिहिले. आमची मुख्य तक्रार आहे ती ही.

कोरड्या अवशेषांचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्याच देशात आहे. पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लेहरागागा येथे २०२२ साली भाताच्या काडावर चालणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. तिथले काड मुरवून ठेवत नाहीत; हंगामात त्याच्या गाठी बांधून कोरडेच साठवतात आणि प्रक्रिया करून टाकीत सोडतात. म्हणजे वाळवणाला वाळवण म्हणूनच वागवले आहे. पण त्याला यंत्रे लागतात, भांडवल लागते; घरच्या पिंपात ते होत नाही. केंद्र सरकारने २०१८ साली अशा गॅसचे ५,००० प्रकल्प उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. ठरलेल्या मुदतीत आपण त्याच्या जवळपासही पोचलो नाही. कच्चा माल वर्षभर, एकसारखा, परवडणाऱ्या भावात मिळणे ही त्यातली एक मोठी अडचण होती. साठवणुकीचा प्रश्न तक्त्यावरच्या एका चौकोनात बसणारा नाही, हे यावरून दिसेल.

चौथे विधान: फुगा फुगला, म्हणजे गॅस झाला

प्रदर्शनात विद्यार्थी अभिमानाने फुगा दाखवतात. 'सर, तीनच दिवसांत फुगला!' आम्ही विचारतो, 'पेटवून पाहिला का?' उत्तर बहुधा नाही असेच येते.

टाकीतली क्रिया एका टप्प्यात होत नाही. आधी मोठे रेणू तुटून साखरेसारखे लहान रेणू होतात. मग त्यांची आम्ले होतात. या वेळी कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सुटतो. मग त्या आम्लांचे ॲसेटिक आम्ल होते. आणि शेवटी अगदी वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन तयार करतात. लोणारच्या खाऱ्या सरोवराच्या तळच्या काळ्या गाळातही मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव सापडलेले आहेत. म्हणजे हे जीव आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. पण गॅसच्या टाकीतल्या त्यांच्या भाईबंदांना सामू सातच्या आसपास लागतो, हवा अजिबात चालत नाही, आणि त्यांची वाढ सावकाश होते.

म्हणून पहिल्या तीन दिवसांत फुगा फुगतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडने. तो चुन्याच्या निवळीत सोडला तर निवळी दुधाळ होते. फुगा फुगणे ही क्रिया सुरू झाल्याची खूण आहे, ती पुरी झाल्याची नव्हे.

इथेच मुरघासाचे खरे सौंदर्य कळते. मुरघास म्हणजे बायोगॅसचीच क्रिया, पण दुसऱ्या टप्प्यावर थांबवलेली. लॅक्टिक आम्लाने सामू इतका उतरतो, की पुढचे सूक्ष्मजीव कामच करू शकत नाहीत. आणि थांबवताना नुकसान फारसे होत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे सहा अणू. त्याचे लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू होतात, प्रत्येकात तीन कार्बन. काही हरवले नाही. पुढे टाकीत त्या दोन रेणूंपासून मिथेनचे तीन आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू मिळतात. सरळ ग्लुकोजपासूनही तेवढेच मिळाले असते. प्रत्यक्षात थोडी घट येते. चांगल्या खड्ड्यात कोरड्या अंशाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, वाईट खड्ड्यात बरीच जास्त.

पण हाच आंबटपणा धोकाही आहे. टाकीत एकदम जास्त मुरघास घातला, तर आम्ल वाढते, मिथेन तयार करणारे मागे पडतात आणि टाकी 'आंबते'. बर्नर पेटत नाही. म्हणून शेणकाल्याने चालू असलेल्या टाकीत मुरघास थोडा थोडा वाढवत न्यावा लागतो.

एका घराचे गणित

टीका करून थांबणे बरोबर नाही. मुरघास कुठे चालेल, तेही पाहिले पाहिजे. आपण एका घराचे गणित मांडू.

समजा घराला महिन्याला १४.२ किलोचा एक सिलिंडर लागतो. एक घनमीटर बायोगॅस साधारण ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसइतके काम करतो. म्हणजे महिन्याला सुमारे ३३ घनमीटर, दिवसाला १.१ घनमीटर बायोगॅस हवा. शेणापासून तो मिळवायचा तर किलोला सुमारे ४० लिटर या हिशेबाने रोज २७-२८ किलो ताजे शेण लागेल. दोन-तीन मोठी जनावरे दावणीला असतील तर जमेल. मक्याच्या चांगल्या मुरघासापासून टनाला सुमारे २०० घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे रोज फक्त साडेपाच किलो पुरे.

वर्षाचा मुरघास झाला सुमारे दोन टन; घट धरून २.२ टन हिरवा मका. एकरी १६ टन हिरवा चारा धरला तर साडेपाच गुंठे जमीन. हा आकडा लहान वाटतो. पण त्या साडेपाच गुंठ्यांचा मका म्हशीला घातला तर दूध मिळते आणि शेणही मिळते, वर त्या शेणाचा गॅसही होतो. तेव्हा तुमच्या गावातला दुधाचा, मुरघासाचा आणि सिलिंडरचा आजचा भाव घेऊन दोन्ही हिशेब मुलांकडून करून घ्या. आमचा अंदाज असा, की जिथे दुभते जनावर आहे तिथे चारा जनावराकडेच जाईल, आणि तेच योग्य आहे.

आणखी एक अडचण आहे, जी मोठ्या प्रकल्पांच्या चित्रात दिसत नाही. खड्डा उघडला की हवा शिरते आणि मुरघास तापून बिघडू लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. म्हणून उघड्या तोंडाचा रोज निदान दहा सेंटिमीटर थर काढला जावा असे सांगतात. आपल्या घराचा खड्डा सुमारे साडेतीन घनमीटरचा होईल. त्याचे तोंड पावणेदोन चौरस मीटर धरले, तर रोज साडेपाच किलो काढताना थर सरकेल जेमतेम अर्धा सेंटिमीटर! म्हणजे तळापर्यंत पोचण्याआधी उरलेला मुरघास सडलेला असेल. यावर उपाय आहे तो ५० किलोच्या हवाबंद पिशव्यांचा. एक पिशवी नऊ दिवस चालते. वर्षाला ४४ पिशव्या भराव्या लागतील, आणि त्या भरायच्या दिवसांत घरात निंदणी-फवारणीचीही घाई असते. ते काम कोण करणार, हाही प्रश्न वर्गात यावा; बहुतेक घरांत त्याचे उत्तर 'आई' असे असते.

मग मुरघासाला जागा कुठे? जिथे ओले आणि नकोसे असे काही एकदम खूप मिळते तिथे. भाजीबाजाराचा पाला, ओली कणसे विकून झाल्यावर शेतात हिरवी राहिलेली मक्याची ताटे, संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या बागांतली केळीची खुंटे. केळीच्या खुंटात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, म्हणून एकट्याचा मुरघास होत नाही. पाणी गळून जाते. पण इथे आपले कोरडे कुटार कामाला येते. ७० किलो खुंटात साडेपाच किलोच्या आसपास कोरडा अंश, ३० किलो कुटारात २७ किलो. दोन्ही मिळून १०० किलोत सुमारे ३२.५ किलो. अगदी हवा तेवढाच! थोडा गूळ किंवा मळी घालून हे मिश्रण मुरवता येईल. ओले आणि कोरडे दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. एकाच्या नावाने तक्ता काढला की ही गोष्ट दिसत नाही.

वर्गात काय करता येईल?

तीन रुंद तोंडाच्या बाटल्या घ्या. पहिलीत बारीक चिरलेली हिरवी मक्याची पाने, दुसरीत कोरडे कुटार, तिसरीत गुळाचे पाणी आणि चमचाभर ताक शिंपडून भिजवलेले कुटार. तिन्ही ठासून भरा. पहिल्या काही दिवसांत गॅस सुटतो, म्हणून झाकण घट्ट न लावता वर प्लास्टिकचा कागद रबराने बांधा. तीन आठवड्यांनी प्रत्येकीतला चमचाभर माल पाण्यात कालवून त्यात जास्वंदीच्या फुलाचा अर्क टाका. कोणता लाल होतो? कुठे बुरशी आली? कोणते जसेच्या तसे राहिले? बाटल्या वर्गाबाहेर, मोकळ्या हवेत उघडा, आणि बुरशीचा वास घेऊ देऊ नका.

दुसऱ्या टप्प्यात शेणकाला भरलेल्या बाटल्यांत यांतला थोडा थोडा माल आणि एकीत पऱ्हाटीचा भुसा घाला. एक बाटली नुसत्या शेणाची ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? सगळीकडे कोरडा अंश सारखा असू द्या. फुगे निदान दीड महिना पाहा, आणि आठवड्याच्या आठवड्याला फुग्यातला गॅस चुन्याच्या निवळीतून काढा. एक सूचना मात्र कडक पाळा. गॅसच्या खऱ्या टाकीत किंवा खोल खड्ड्यात कोणीही उतरू नये. तिथल्या विषारी, प्राणवायूरहित हवेने माणसे दगावलेली आहेत.

शेवटी पऱ्हाटीविषयी. तिचा मुरघास होत नाही, म्हणून ती जाळावी असे आम्ही म्हणत नाही. जाळल्याने पालाश बहुतांशी राखेत राहते. नत्र, गंधक आणि सेंद्रिय कार्बन हवेत जातो. यंत्राने बारीक करून जमिनीत गाडणे, बुरशीच्या साहाय्याने खत करणे, भट्टीत कोळसा करणे हे तिचे मार्ग आहेत. जे टाकीत पचते ते टाकीत घालावे. तिथून निघणाऱ्या रबडीत नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ सगळे शिल्लक असते आणि ते शेतात परत जाते.

पुढच्या प्रदर्शनात एखाद्या गटाने पिंप आणि फुगा न आणता, गावातल्या पाच अवशेषांची यादी आणली, आणि प्रत्येकापुढे ओलावा किती, आज कोण वापरते, वाळवायचे की मुरवायचे की आणखी काही, एवढे लिहून आणले, तर आम्ही त्या गटाला पहिला क्रमांक देऊ. त्यातल्या एखाद्या ओळीपुढे 'याचा गॅस करू नये' असे लिहिलेले असेल, तर अधिकच आनंदाने.